नऊ लाख कोटींचं कर्ज आणि पाडळसरेचं धरण

प्रश्न रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक भाऊंचा आहे. थोडक्यात असा: राज्यावर नऊ लाख कोटींचं कर्ज झालं, म्हणजे माणशी ७३ हजार. विरोधक म्हणतात राज्याचं दिवाळं निघालं, सत्ताधारी म्हणतात सगळं मर्यादेत आहे. खरं कोणाचं? आपली श्रीलंका होईल का? आणि हे लाडक्या बहिणीमुळे झालं का?

मी वित्त व लेखा सेवेतून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं खान्देशातल्या कोषागारांत आणि जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात गेली. मी अर्थतज्ज्ञ नाही. बिलं पास करणारा आणि पैसे नसले की बिलं थांबवणारा माणूस आहे. त्याच खुर्चीतून उत्तर देतो.

श्रीलंकेचं आधी संपवू, कारण ते सोपं आहे. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची फेड थांबवली. त्यांच्याकडचे डॉलर संपले होते. आपल्या देशावर तशी पाळी १९९१ मध्ये आली होती. तेव्हा आधी २० टन सोनं बाहेर विकलं आणि जुलैत ४७ टनांच्या आसपास सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण ठेवलं. सोनं गहाण टाकणं म्हणजे काय, हे जळगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको. महाराष्ट्र सरकारचं कर्ज मात्र रुपयातलं आहे आणि जवळपास सगळं देशातच घेतलेलं आहे. रिझर्व्ह बँक दर मंगळवारी राज्यांच्या रोख्यांचा लिलाव करते. ते रोखे बँका, एलआयसी, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा कंपन्या घेतात. नोव्हेंबर २०२१ पासून तिच्याच ‘रिटेल डायरेक्ट’ योजनेतून तुम्हीआम्हीही ते घेऊ शकतो. म्हणजे तुमच्या एलआयसीच्या हप्त्यातला काही भाग फिरून राज्य सरकारलाच उसना गेलेला असतो.

म्हणूनच तो माणशी ७३ हजारांचा आकडा मला कधी आवडला नाही. भागाकार बरोबर आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मार्च २०२६ अखेरचं कर्ज ९,३२,२४२ कोटी धरलं होतं. लोकसंख्या पावणेतेरा कोटी धरली की तेवढेच येतात. पण हे पैसे मागायला तुमच्या दारात कोणी येणार नाही, आणि सरकारही ते एकदम फेडणार नाही. जुना रोखा मुदतीला आला की नवा काढतात आणि त्यातून जुन्याची रक्कम देतात. जगातली बहुतेक सरकारं असंच करतात. बोजा असतो तो व्याजाचा.

सत्ताधाऱ्यांचं म्हणणं कागदावर खरं आहे. राज्याच्या सकल उत्पन्नाशी कर्जाचं प्रमाण २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पावणेएकोणीस टक्क्यांच्या आसपास होतं. आपल्या राज्यासाठी मर्यादा २५ टक्के धरतात. केंद्राने नेमलेल्या एन. के. सिंह समितीने २०१७ मध्ये सगळ्या राज्यांचं मिळून २० टक्के सुचवले होते. पंजाबचं प्रमाण ४० च्या वर आहे. गेल्या दहा-अकरा वर्षांत कर्ज तीन लाख कोटींच्या आसपासून तिपटीवर गेलं हे खरं, पण राज्याचं उत्पन्नही त्याच काळात पावणेतीन पटीच्या घरात वाढलं. ‘कर्ज तिप्पट केलं’ एवढंच सांगणारा नेता अर्धी गोष्ट सांगतो.

आता उरलेली अर्धी. राज्याचं सकल उत्पन्न म्हणजे राज्यात होणारी एकूण कमाई. ती सरकारच्या तिजोरीत येत नाही. मुंबई, ठाणे आणि पुण्याने त्या आकड्याला मोठं वजन दिलंय. नंदुरबार दरडोई उत्पन्नात तळाच्या जिल्ह्यांत आहे. व्याज भरायचं ते तिजोरीत प्रत्यक्ष जमा होणाऱ्या पैशातून. ती महसुली जमा २०२५-२६ साठी ५,६०,९६४ कोटी धरली होती. त्या मापाने कर्ज वीस महिन्यांच्या जमेइतकं भरतं. बँकेचा साहेब पीककर्ज देताना तालुक्याचं उत्पन्न बघत नाही, तुमचा सातबारा आणि खाती बघतो. राज्याचं मोजमाप मात्र तालुक्याच्या उत्पन्नावर चाललंय.

खरी दुखणारी जागा वेगळीच आहे. त्याच अर्थसंकल्पात महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी होता, म्हणजे जमेपेक्षा ४५,८९१ कोटी जास्त. ही महसुली तूट. एकूण राजकोषीय तूट, म्हणजे कर्जाने भरून काढायचा सगळा खड्डा, १,३६,२३५ कोटी. म्हणजे त्या वर्षी उचलायच्या दर तीन रुपयांतला एक रुपया धरण, रस्ता, इमारत यांसाठी नव्हताच. तो पगार, पेन्शन, अनुदान आणि व्याज भागवायला होता. तुम्ही केळीच्या बागेला ठिबक करायला कर्ज काढलं तर घड येतो आणि घडातून हप्ता जातो. किराणा भरायला कर्ज काढलं तर पुढच्या महिन्यात किराणाही लागतो आणि हप्ताही. राज्याचा तिसरा रुपया किराण्याचा आहे. त्यात माझं पेन्शनही आलं, हे आधीच सांगून टाकतो.

व्याजाचा आकडा २०२५-२६ साठी ६४,६५९ कोटी होता. दर शंभर रुपये जमेतले साडेअकरा. दिवसाला सुमारे १७७ कोटी. हे एवढे मोठे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून आपल्याकडचं एक माप लावून बघू.

अमळनेर तालुक्यात तापीवर पाडळसरेला निम्न तापी प्रकल्प आहे. त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा किंमत होती १४२ कोटी. दरसूची बदलत गेली, संकल्पचित्रं बदलली, भूसंपादनाचे दर बदलले आणि दरवर्षी निधी आला तो थेंबाथेंबाने. आता सुधारित किंमत ४,८९० कोटींच्या घरात आहे. अमळनेर, चोपडा, धरणगाव, पारोळा आणि तिकडे शिंदखेडा एवढ्या भागाला ज्याची वाट बघायला लावली, त्या धरणाची सगळी किंमत म्हणजे राज्याचं अठ्ठावीस दिवसांचंही व्याज नाही. एक फेब्रुवारी महिना धरा.

यावर कोणी म्हणेल, मग व्याज देऊ नका आणि धरण बांधा. तसं करता येत नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात खर्चाचे दोन प्रकार असतात, दत्तमत आणि भारित. दत्तमत खर्चावर विधानसभा मतदान करते. कर्जाचं व्याज भारित आहे. संविधानाच्या २०२ व्या अनुच्छेदाने ते थेट संचित निधीवर, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीवर टाकलंय. आमदार त्यावर बोलू शकतात, पण मत देऊन ते थांबवू शकत नाहीत. खान्देशचे २० आमदार एकत्र आले किंवा सगळे २८८ आले, तरी व्याजाचा पैसा आधी जाणारच. आणि तो जायलाच हवा. एकदा चुकला तर पुढच्या मंगळवारी कोणी रोखे घेणार नाही.

मग चिमटा कुठे बसतो? ही गोष्ट मी आयुष्यभर जवळून बघितली आहे. मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर होतो, वर्तमानपत्रात तुमच्या प्रकल्पाला ‘अमुक कोटींची तरतूद’ अशी बातमी येते, फटाके फुटतात, फ्लेक्स लागतात. पण तरतूद म्हणजे पैसे नव्हेत. पैसे विभागाला बीडीएसवर, म्हणजे निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, टप्प्याटप्प्याने उपलब्ध होतात, आणि वित्त विभागाचं परिपत्रक येतं की अमुक टक्क्यांपर्यंतच खर्च करा. आधी व्याज, मग पगार, मग पेन्शन. मग ज्या योजनांचा पैसा दर महिन्याला लोकांच्या खात्यात जातो त्या, कारण एक महिना चुकला तर दुसऱ्या दिवशी तहसीलवर मोर्चा. सगळ्यात शेवटी कालवा, पूल, शाळेच्या खोल्या, आरोग्य केंद्राची दुरुस्ती. कालव्याचं काम थांबलं म्हणून दुसऱ्या दिवशी मोर्चा निघत नाही. पाडळसरेसाठी जनआंदोलन उभं राहायलाही वर्षानुवर्षं जावी लागली. ३१ मार्चच्या रात्री कोषागारात बिलांचे गठ्ठे येतात, त्यातली काही निधीअभावी परत जातात, आणि एप्रिलमध्ये तीच बिलं नव्या तारखेने पुन्हा येतात. नव्या वर्षाचा पैसा जुन्या कामाला जातो आणि नवं काम पुन्हा मागे पडतं.

परत गेलेल्या त्या बिलांचं काय होतं, हेही बघा. कंत्राटदारांच्या संघटनांनी २०२५ मध्ये राज्यभर थकलेल्या देयकांचा आकडा ८९ हजार कोटींचा सांगितला. तो त्यांचा दावा आहे, काही विभाग तो मान्य करणार नाहीत. पण निम्मा धरला तरी तो नऊ लाख कोटींच्या बाहेरचा आहे. सरकारने रोखे काढून घेतलं तर ते कर्ज, आणि जलजीवनची टाकी बांधणाऱ्या साक्रीच्या किंवा पारोळ्याच्या छोट्या ठेकेदाराचे पैसे दोन वर्षं दिले नाहीत तर ते कर्ज नाही, असा हिशेब आहे. बिनव्याजी, बिनमुदतीचं, आणि ज्याची ऐपत सगळ्यात कमी त्याच्याकडून घेतलेलं. तो मग सिमेंटवाल्याचे पैसे ठेवतो, सिमेंटवाला मजुरांचे. पुढच्या निविदेत हाच ठेकेदार उशिराचा खर्च दरात मिळवून भरतो. काम महाग होतं ते असंही होतं.

दुसरं लपलेलं कर्ज हमीचं. सहकारी साखर कारखाने, महामंडळं आणि सूतगिरण्या यांच्या कर्जाला सरकार जामीन राहतं. जामीन राहणं फुकट असतं, मूळ कर्जदार पळेपर्यंत. नव्वदच्या दशकात पाटबंधारे महामंडळं निघाली. १९९६ ला कृष्णा खोरे, १९९७ ला आपलं तापी खोरे, मुख्यालय जळगाव. कृष्णा खोऱ्याने सरकारी हमीवर बाजारातून रोखे उभारले, व्याज सतरा टक्क्यांच्या पुढेही गेलं. एवढ्या महाग पैशात एकच शहाणपण होतं, थोडे प्रकल्प घ्या आणि लवकर संपवा. झालं उलटं. प्रत्येक मतदारसंघात नारळ फुटला, पैसा शंभर ठिकाणी वाटला गेला. पाणी कमीच ठिकाणी पोचलं, आणि व्याज मात्र पहिल्या दिवसापासून सुरू. २०१२ मध्ये सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली, ती याच कारणाने.

कर्ज हाताबाहेर गेलं की नेमकं काय होतं, हे बघायला कोलंबोला जायची गरज नाही, जळगाव पुरे. जळगाव नगरपालिकेने १९८९ ते २००१ या काळात घरकुलं, पाणीपुरवठा अशा कामांसाठी हुडको या घरबांधणीला कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारच्या कंपनीकडून सुमारे १४१ कोटींचं कर्ज घेतलं. त्या आकाराच्या नगरपालिकेला ते झेपणारं नव्हतं. घरकुलं अर्धवट राहिली, त्यातला गैरव्यवहार कोर्टात गेला, आणि २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. हप्ते थकले, व्याज चढलं. ऋण वसुली न्यायाधिकरणाची ३४० कोटींची डिक्री आली आणि महापालिकेची खाती गोठवण्यापर्यंत गेलं. शहराने नंतर हप्ते भरले, पण मुद्दल हललं नाही. व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली होती. ते भाडं महापालिकेला हुकमी मिळायला हवं होतं, पण तो वाद वर्षानुवर्षं घोळत राहिला. शेवटी २०१९ मध्ये राज्य सरकारने एकरकमी तडजोडीत अडीचशे कोटींच्या आसपास भरून हुडकोचं खातं बंद केलं, आणि महापालिका त्यातला आपला हिस्सा सरकारला हप्त्याने देऊ लागली.

त्या काळात शहरातून दुचाकी चालवलेल्या कोणालाही विचारा, कर्जाचा परिणाम तो पाठीच्या मणक्यावर सांगेल. रस्ते, गटारी, कर्मचाऱ्यांचे पगार, सगळं रखडलेलं. महापालिकेची सतरा मजली इमारत दिमाखात उभी होती आणि खालच्या रस्त्यावर खडी टाकायला पैसे नव्हते. जळगाव बुडालं नाही. एक पिढी खड्ड्यांतून शाळेत गेली, एवढंच झालं. राज्य अडचणीत येईल तेही असंच येईल, दिवाळखोरीची बातमी कधी छापून न येता. फरक एकच. जळगावला सोडवायला वर राज्य होतं.

राज्याच्या वर केंद्र आहे, पण ते सोडवायला येण्याआधी अडवायला येतं. ज्या राज्यावर केंद्राचं कर्ज शिल्लक आहे, त्याला नवं कर्ज काढायला अनुच्छेद २९३(३) खाली केंद्राची परवानगी लागते. साधारण सकल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांची वार्षिक मर्यादा असते, २०२५-२६ मध्ये वीज सुधारणा केल्या तर अर्धा टक्का जास्त मिळत होता. महामंडळाच्या नावाने घेतलेलं कर्जही २०२२ नंतर त्यात मोजायला लागले. केरळ त्यावरून सुप्रीम कोर्टात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं. केंद्र स्वतः मात्र देशाच्या सकल उत्पन्नाच्या ५६ टक्के कर्जावर बसलंय आणि खर्चाच्या दर रुपयातले २० पैसे व्याजाला देतंय. राज्यांना शिस्त शिकवताना याची थोडी लाज वाटायला हवी, असं माझं मत.

आता लाडकी बहीण. २०२५-२६ मध्ये तिला ३६ हजार कोटी धरले होते. नऊ लाख कोटींशी ताडून पाहिलं तर चार टक्केही नाही, आणि ती योजना सुरू झाली जुलै २०२४ मध्ये. कर्जाचा डोंगर त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून ‘बहिणींमुळे कर्ज झालं’ हे खोटं. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या बाईला महिन्याला १५०० रुपये म्हणजे आठवडे बाजारात तेल-मीठ-औषध आहे, ते मी वाया गेले म्हणणार नाही. पण ३६ हजार कोटी त्या वर्षीच्या ४५,८९१ कोटींच्या महसुली तुटीशेजारी ठेवले की दुसरी बाजू दिसते. तुटीच्या तीन चतुर्थांशाहून जास्त एवढी ही एक योजना आहे. २१०० रुपयांचं आश्वासन पाळलं तर आणखी सुमारे १४ हजार कोटी दरवर्षी. २०२५ मध्ये एका हप्त्यासाठी आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख आणि सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख वळवले गेले. त्या प्रवर्गातल्या महिलांनाच ते मिळणार, असं सरकारचं उत्तर होतं. हिशेबाच्या नियमात ते बसवता येतं. पण नंदुरबारच्या आश्रमशाळेला त्या पैशातून खोली मिळू शकली असती, ती मिळत नाही. चिमटा म्हणतो तो हा.

हे एकाच पक्षाचं नाही. २०१७ ची कर्जमाफी ३४,०२२ कोटींची जाहीर झाली तेव्हा सरकार वेगळं होतं. २०१९ अखेरची दोन लाखांपर्यंतची माफी दुसऱ्याच आघाडीची, तिने नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवलं, आणि पुढची माफी ३० जून २०२६ च्या वायद्यावर गेली. २०२४ च्या जुलैत, निवडणुकीला चार महिने असताना, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. अर्थसंकल्प मांडून दोन आठवडेही झाले नव्हते! त्या सभागृहात कर्जावर घणाघाती भाषणं झाली असतील. अमुक खर्च माझ्या मतदारसंघातला कमी करा, असं म्हणणारा आमदार मी तरी नोकरीत बघितला नाही. प्रत्येकाच्या हातात कामांची यादी असायची, आणि सत्ता गेली की त्याच हातात कर्जाचा आकडा.

तर भाऊ, कर्जाच्या एकूण आकड्यावर वाद घालू नका, त्यात कोणीही कोणाला हरवू शकतो. अर्थसंकल्पासोबत ‘अर्थसंकल्प संक्षेप’ नावाची छोटी पुस्तिका निघते, वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मिळते. त्यात महसुली तूट बघा. मग व्याज भागिले महसुली जमा करा. हा आकडा दोन-तीन वर्षं सलग चढला तर काळजी करा, एखाद्या वर्षी चढला तर एवढं नाही. महालेखाकारांकडून आलेले राज्याचे मासिक हिशेब कॅगच्या संकेतस्थळावर असतात, त्यात भांडवली खर्चाची, म्हणजे धरण-रस्ते-इमारतींवरच्या खर्चाची, ओळ फेब्रुवारीच्या हिशेबात बघा. अकरा महिन्यांत तरतुदीच्या निम्माही खर्च झालेला नसेल तर त्या वर्षी कोणाची कामं कापली गेली ते आपोआप कळतं. आणि तुमच्या भागातल्या प्रकल्पाला ‘तरतूद’ झाली असं आमदारसाहेब सांगतील तेव्हा त्यांना एवढंच विचारा की गेल्या वर्षीच्या तरतुदीतले बीडीएसवर किती आले, आणि ३१ मार्चला किती बिलं परत गेली. पहिला आकडा राज्याच्या ‘बीम्स’ या ऑनलाइन अर्थसंकल्प प्रणालीवर विभागनिहाय दिसतो, दुसरा माहितीच्या अधिकारात कार्यकारी अभियंत्याकडून मिळेल. अर्ज मराठीतच करा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाच्या खात्याचा क्रमांक, लिहायला विसरू नका, नाहीतर ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल.